नाळेतलं रक्त साठवायचं, द्यायचं की स्वतः दाता व्हायचं? मूळपेशींबद्दल सविस्तर

चैत्रपालवी

मूळपेशी गोठवून ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. ओळखीत कुणाला दिवस गेले की "बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवावं का गं?" हा प्रश्न ठरलेला. फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहिते आहे. शंका असतील तर इथेच विचारा.

मत आधीच सांगून टाकते. घरात एखाद्या मुलाला रक्ताचा गंभीर आजार असेल तर होणाऱ्या भावंडाच्या नाळेतलं रक्त जरूर राखून ठेवा. तसं काही नसेल तर स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत साठवायची गरज नाही. सार्वजनिक बँकेची सोय असेल तर तिथे द्या. आणि तुम्ही स्वतः तरुण, धडधाकट असाल तर दाता म्हणून नाव नोंदवा. कुणाचा तरी जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे ती इथे.

आपण बोलतोय त्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळ्यांचा उगम त्यांच्यातून होतो. मोठ्या माणसात त्या अस्थिमज्जेत असतात, थोड्याफार रक्तातूनही फिरतात. बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं त्यात त्या भरपूर असतात. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲप्लास्टिक ॲनिमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव अशा आजारांत रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी किंवा किरणांनी रिकामी करतात आणि दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी शिरेतून चढवतात. यात चिरफाड काही नसते, रक्ताची पिशवी लावतात तशी पिशवी लावली जाते. त्या पेशी आपण होऊन हाडांच्या आत पोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त तयार व्हायला लागतं. इतकी वर्षं या कामात आहे, तरी रुग्णाच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा पहिल्यांदा वर सरकलेला दिसला की अजूनही हरखून जाते.

डॉ. ई. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांना मज्जा चढवण्याचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या रुग्णांपैकी फारच थोडे वाचले, पण त्यांनी काम सोडलं नाही. १९९० चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. नाळेतलं रक्त वापरून पहिलं प्रत्यारोपण झालं १९८८ मध्ये, पॅरिसला. फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे मज्जा निकामी करणारा जनुकीय आजार, असलेला लहान मुलगा होता. त्याच्या बहिणीच्या जन्माच्या वेळी अमेरिकेत रक्त गोळा करून गोठवलं गेलं, विमानाने पॅरिसला नेलं आणि डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते त्याला दिलं. मुलगा बरा झाला. त्याच्या उपयोगी पडलं ते बहिणीचं रक्त होतं. त्याचं स्वतःचं साठवलेलं असतं तरी त्यात तोच दोष निघाला असता. खासगी साठवणुकीचा विचार करताना एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

नवखा_वाचक

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. एका बँकेची प्रतिनिधी येऊन गेली. तिचं म्हणणं, "बाळाच्या स्वतःच्या पेशी शंभर टक्के जुळतात, दाता शोधावाच लागत नाही, हा आयुष्यभराचा विमा आहे." बायकोला ते पटलंय. मला काय विचारावं हेच सुचत नव्हतं. शंभर टक्के जुळतात हे तर खरंच आहे ना?

चैत्रपालवी

जुळतात हे खरं आहे, आणि अडचणही तीच आहे. थॅलेसेमिया किंवा सिकल सेलसारखा जनुकीय आजार असेल तर दोष नाळेतल्या पेशींतही असतोच. त्याच पेशी परत दिल्या तर आजारही परत दिल्यासारखा होईल. लहानपणीच्या ल्युकेमियाचं काय, तर अनेक मुलांमध्ये त्याची सुरुवात करणारा जनुकीय बदल जन्माआधीच झालेला असतो. नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे जुने वाळलेले थेंब तपासून संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे. शिवाय ल्युकेमियात दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात, आणि उपचाराचं मोठं यश त्यातच असतं. स्वतःच्या पेशी ते करत नाहीत, त्यांना तो कर्करोग परका वाटतच नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. नाळेतलं रक्त वापरायचं तर रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान अडीच कोटी केंद्रक असलेल्या पेशी लागतात असं ढोबळ गणित आहे. दहा किलोच्या बाळाला २५ कोटी, साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळतं, कधी त्याहून कमी. म्हणजे "आयुष्यभराचा विमा" म्हणून ठेवलेली पिशवी, मूल मोठं झाल्यावर बहुधा एकटी पुरत नाही.

प्रतिनिधीला तीन गोष्टी विचारा. गोळा केलेल्या रक्तात पेशी किती निघाल्या हे लेखी देणार का? पेशी फारच कमी निघाल्या तर साठवणार की परत कळवणार? बँक बंद पडली तर पिशवी कुणाच्या ताब्यात जाणार? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर घाई करू नका. बायकोलाही हा धागा वाचायला द्या. निर्णय दोघांचा आहे आणि तिची काळजी अगदी रास्त आहे.

खडूफळा

प्रसूती विभागात काम करतो. एक भर घालतो, कारण यावरून आमच्याकडे नातेवाईकांशी वाद होतात.

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच चिमटायची नसते. जागतिक आरोग्य संघटना एक ते तीन मिनिटं थांबायला सांगते. त्या वेळात नाळेतलं रक्त बाळाकडे जातं, त्याचा लोहाचा साठा वाढतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर फारच फायदा होतो. पण थांबलं की पिशवीत कमी रक्त जमतं. मग "लवकर चिमटा, पिशवी भरली पाहिजे" असा आग्रह होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: रक्तावर पहिला हक्क समोरच्या बाळाचा. उरलेलं जे मिळेल ते घेऊ. सार्वजनिक दान असो की खासगी साठवण, साठवणुकीसाठी नाळ चिमटण्याची वेळ बदलू नये हेच वैद्यकीय संघटनाही सांगतात.

गोळा करताना बाळाला किंवा आईला काही दुखत नाही. नाळ कापून झाल्यावर तिच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवतात, काही मिनिटांचं काम. आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस वगैरे चाचण्या होतात.

मोरपीस_७

सार्वजनिक बँकेला दिलं आणि उद्या आपल्याच बाळाला लागलं तर? हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे, पण मलाही पडलाय.

चैत्रपालवी

मोरपीस, सार्वजनिक बँकेत दिलेलं रक्त ज्याला जुळेल त्याचं. तुमच्यासाठी राखीव राहत नाही. पण गरज पडलीच तर तुमच्या बाळासाठी त्या बँकेसकट जगभरच्या सगळ्या सार्वजनिक बँका शोधता येतात. त्यांत मिळून सुमारे आठ लाख पिशव्या आहेत. एक खासगी पिशवी जवळ असण्यापेक्षा हा साठा कितीतरी मोठा आधार आहे. सासूबाईंना हे सांगून पाहा.

न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी १९९२ मध्ये अशी पहिली सार्वजनिक बँक उभी केली. पुढच्याच वर्षी तिथल्या पिशवीतून ओळखपाळख नसलेल्या मुलाला प्रत्यारोपण झालं. दिलेली प्रत्येक पिशवी साठवली जाते असं मात्र नाही. पेशी कमी भरल्या तर बँक ती प्रत्यारोपणासाठी ठेवत नाही, संशोधनाला देते किंवा टाकून देते. आमच्या कामातला सगळ्यात हळहळ वाटणारा भाग तो.

दगडफूल

इथे माझा अनुभव लिहितो, कारण "मूळपेशी दान" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाठीच्या कण्यात खुपसलेली मोठी सुई येते. कण्याला कुणी हात लावत नाही.

नोंदणी करताना गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला होता. मग बरीच वर्षं काहीच नाही. एक दिवस फोन आला की एका रुग्णाशी प्राथमिक जुळणी झाली आहे, पुढची तपासणी कराल का? रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, डॉक्टरांशी मोकळं बोलणं, सगळं झालं. प्रत्येक टप्प्यावर "नको वाटत असेल तर आत्ता सांगा" असं विचारत होते, ते मला फार आवडलं.

मग चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं. त्यामुळे मज्जेतल्या मूळपेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. त्या दिवसांत हाडं ठणकतात हे खरं आहे. कंबर आणि मांड्या फ्लू झाल्यासारख्या दुखत होत्या, डोकंही जड. साध्या वेदनाशामक गोळीने निभावलं. शेवटच्या दिवशी खुर्चीत आडवा, एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात मूळपेशी वेगळ्या होऊन बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास लागले. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्याने ओठांना मुंग्या येतात. सांगितल्यावर लगेच कॅल्शियम दिलं आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुखणं उतरलं, आठवड्यात मी पूर्ववत.

पिशवी समोर धरून दाखवली तेव्हा मला रडू आलं. आत जेमतेम वाटीभर, फिकट लाल. ती कुणाकडे जाणार हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याने काही फरकही पडत नव्हता.

उत्तररात्र

दगडफूल, मनापासून नमस्कार.

शेवंती

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या मुलाला प्रत्यारोपणाची गरज होती. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, कारण पेशींवरची एचएलए नावाची खूण, जिच्यावरून जुळणी ठरते, ती अर्धी आईकडून आणि अर्धी वडिलांकडून येते. आमच्या मुलीची जुळली नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे दात्यांच्या नोंदवहीत, शोध घेतला. एक संभाव्य दाता सापडला, त्याने आधी होकार दिला आणि नंतर माघार घेतली. मला त्या माणसाचा राग नाही. त्याच्याही घरचे घाबरले असतील. पण वाचणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. रुग्णाची मज्जा रिकामी करायला सुरुवात झाली की परतीची वाट नसते. त्यानंतर दात्याने नाही म्हटलं तर रुग्ण नव्या पेशींशिवाय फार दिवस तग धरू शकत नाही. आमच्या बाबतीत नकार त्याआधी आला, म्हणून पुढचा मार्ग उरला.

शेवटी त्याच्या बाबांच्या पेशी दिल्या, अर्ध्या जुळणाऱ्या. पूर्वी हे फार धोक्याचं होतं. आता पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात, त्याने अंगावर उठणाऱ्या पेशी मारल्या जातात आणि मूळपेशी टिकतात. आज तो शाळेत जातो. तरीही पूर्ण जुळणारा दाता मिळाला असता तर त्याचे काही महिने वेगळे गेले असते असं वाटत राहतं. म्हणून हात जोडून सांगते: नोंदणी घाईत करू नका, घरी बोलून करा, पण केलीत तर निभवा.

करडा_कोल्हा

शेवंतीताई, तुमच्या मुलाला उदंड आयुष्य लाभो.

जुळणीबद्दल एक मुद्दा. एचएलएचे प्रकार वंशपरंपरेने येतात, त्यामुळे अनोळखी दाता जुळण्याची शक्यता आपल्याच वांशिक पार्श्वभूमीच्या लोकांत सगळ्यात जास्त. आणि जगातल्या नोंदवह्यांत युरोपीय वंशाचे दाते फार जास्त आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीचे आकडे बघा: गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा, उपलब्ध दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, कृष्णवर्णीय रुग्णाला सुमारे २९ टक्के. आजार तोच, औषधं तीच, फक्त यादीत आपल्यासारखं कुणी नाही म्हणून इतका फरक. जगभर मिळून चार कोटींहून जास्त दाते नोंदले गेले आहेत, तरी ही दरी तशीच आहे. ज्या समाजांतले दाते कमी आहेत तिथली प्रत्येक नवी नोंदणी जास्त मोलाची, ती यामुळे.

नाळेतल्या रक्ताचा खरा उपयोगही मला इथेच दिसतो. त्यातल्या पेशी अजून कोवळ्या असल्यामुळे जुळणी थोडी कमी असली तरी चालते. मिश्र वंशाच्या रुग्णांना याचा फार आधार झाला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अशाच एका बाईंची बातमी आली होती. त्यांना ल्युकेमिया होता आणि एचआयव्हीही. एचआयव्हीला दाद न देणारं दुर्मीळ जनुक असलेलं नाळेतलं रक्त आणि नातेवाइकाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी एकत्र दिल्या, आणि दोन्ही आजार आटोक्यात आले. ती पिशवी कुणीतरी अनोळखी आईने दिली म्हणूनच हे होऊ शकलं.

उत्तररात्र

चांगली चर्चा. पण एक बाजू सुटतेय. आज उपयोग नाही म्हणजे वीस वर्षांनी नसेल असं कसं म्हणता? जनुक दुरुस्ती येतेय, अवयव तयार करण्याचे प्रयोग चाललेत. जन्माच्या वेळचं रक्त पुन्हा मिळत नाही. पुढच्या काळासाठी ठेवण्यात गैर काय? आणि दुधाच्या दातातल्या पेशी साठवतात, त्याचं काय?

चैत्रपालवी

उत्तररात्र, प्रश्न योग्य आहे. गैर काही नाही, फक्त आशा कुठे ठेवावी हे पाहू.

आधी टिकण्याबद्दल. नीट गोठवलेलं रक्त टिकतं, यात शंका नाही. डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारं द्रव्य) घालून मिनिटाला साधारण एक अंशाने थंड करत नेतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या वाफेत ठेवतात. डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेने २७ वर्षं गोठवलेलं नाळेतलं रक्त बाहेर काढून तपासलं, तर त्यातल्या मूळपेशी अजून काम करत होत्या.

पण जनुक दुरुस्तीचंच उदाहरण घ्या. सिकल सेल आणि थॅलेसेमियावरच्या क्रिस्पर उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत सिकल सेलसाठी त्याच सुमारास आणि थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये. त्यात पेशी रुग्णाच्याच, आणि त्या घेतात आजच्या रक्तातून, उपचाराच्या वेळी. नाळेतलं रक्त लागत नाही. मल्टिपल मायलोमा आणि लिम्फोमा या कर्करोगांत स्वतःच्या मूळपेशी काढून गोठवून परत देणं कित्येक वर्षं सर्रास चालू आहे. त्यांचीही साठवण आजार कळल्यावर होते. आणि जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशींना परत मूळपेशीसारखं बनवून दाखवलं, त्याला २०१२ चं नोबेल मिळालं. म्हणजे पुढे कधी बहुगुणी पेशी लागल्याच, तर त्या कुठल्याही वयात स्वतःच्या त्वचेतून किंवा रक्तातून मिळवण्याचा रस्ता उघडला आहे. जन्माचा तो एकच क्षण होता आणि तो हुकला, ही भीती मनात बाळगू नका.

जे उपचार "लवकरच येणार" म्हणून सांगितले जातात त्यांची नीट चाचणी झालेली आहे का ते बघा. ऑटिझमसाठी नाळेतलं रक्त देऊन ड्यूक विद्यापीठात मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला, आणि ठरवलेल्या मुख्य निकषावर नाळेतलं रक्त मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक दिसला नाही. यातून त्या आईबापांच्या मनाचं काय झालं असेल याचा विचार करून वाईट वाटतं, म्हणूनच आशेचा बाजार मांडणाऱ्यांबद्दल मी कडक बोलते.

दुधाच्या दातातल्या पेशींचं संशोधन २००३ पासून चालू आहे. त्या रक्त तयार करत नाहीत, वेगळ्या जातीच्या आहेत. हाड आणि दंतमज्जेच्या अभ्यासात कामाच्या. ल्युकेमियाच्या वगैरे उपचारात त्यांचा उपयोग नाही.

मोरपीस_७

आम्ही सार्वजनिक बँकेत द्यायचं ठरवलं. सासूबाईंनी आठ लाखांचा आकडा ऐकला आणि म्हणाल्या, मग देऊनच टाका.

नवखा_वाचक

आम्हीही खासगी करत नाही आहोत. बायकोने तिन्ही प्रश्न फोनवर विचारले, दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही. आता मीच दाता म्हणून नाव द्यावं म्हणतो. वय ३३. चालेल का? आणि मज्जा काढून घेतात तो प्रकार अजून होतो का?

चैत्रपालवी

चालेल, लगेच करा. बहुतेक नोंदवह्या साधारण १८ ते ३५-४० या वयात नाव घेतात, देशागणिक थोडा फरक असतो. तरुण दात्याच्या पेशींनी रुग्ण टिकण्याचं प्रमाण चांगलं असतं, म्हणून डॉक्टर आधी तरुण नावंच निवडतात.

मज्जेचं दान अजून होतं, विशेषतः लहान मुलांसाठी आणि ॲप्लास्टिक ॲनिमियात. पूर्ण भूल देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून सुईने घेतात. काही दिवस बसताउठता दुखतं, चार ते सहा आठवड्यांत मज्जा भरून येते. बहुतेक दात्यांना दगडफूल यांनी लिहिला तोच मार्ग सांगितला जातो.

आणखी एक. लंडनची ॲन्थनी नोलन नोंदवही १९७४ मध्ये एका आईने सुरू केली. मुलासाठी दाता शोधत होती. अशी नोंदवही त्याआधी कुठेच नव्हती. १९७९ मध्ये तो मुलगा गेला, दाता मिळाला नाही. आईने काम चालू ठेवलं. आज जगभर एकमेकांना जोडलेल्या नोंदवह्या आहेत त्यांची सुरुवात तिथून झाली. शेवंतीताईंचं वाचताना मला सारखी तीच आई आठवत होती.

पान_४२

कॉलेजात असताना शिबिरात नोंदणी केली होती. त्यानंतर दोनदा शहर बदललं, फोन नंबरही बदलला. त्यांना मी सापडेन का?

चैत्रपालवी

नाही सापडणार. जुळणी होऊनही दात्याशी संपर्क न होणं ही आमच्याकडची रोजची अडचण आहे. नोंदवहीच्या संकेतस्थळावर जाऊन आजच नवा नंबर, पत्ता आणि ईमेल कळवा. दाता क्रमांक हरवला असेल तर नाव आणि जन्मतारीख सांगून शोधता येतं. नंबर कायम बदलत असेल तर घरातल्या एखाद्याचा दुसरा नंबरही देऊन ठेवा. मध्ये मोठा आजार झाला असेल किंवा आता दान करायची इच्छा नसेल तर तेही आत्ताच सांगा, ते नाव काढून टाकतील.

पान_४२

आत्ताच कळवलं. क्रमांक नव्हता, पण जन्मतारखेवरून सापडलं. दुसरा नंबर बहिणीचा दिलाय, आणि तिनेही स्वॅबचं किट मागवलंय.